नेपाळला सेवेसाठी निघालेल्या मुलांना नाक्याबद्दलही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नेपाळमधल्या ‘सेवासहली’वर पानभर लेख आला. महाविद्यालयातली वीस-बावीस मुलंमुली पंधरा दिवस काठमांडूला राहतात, सकाळी एका बालगृहातल्या मुलांना इंग्रजी आणि गाणी शिकवतात, दुपारी मंदिरं पाहतात, शेवटचे तीन दिवस पोखऱ्याला घालवतात आणि प्रमाणपत्र घेऊन परततात, असं त्यात लिहिलं होतं. सोबतच्या मोठ्या छायाचित्रात सात लहान मुलं आपल्या मुलींच्या गळ्यात हात घालून उभी आहेत. खाली ओळ होती, ‘अनाथांच्या सहवासात’.

मी तो कागद कापून ठेवला आहे. त्या मुलामुलींच्या मनातल्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. पण नेपाळमध्ये मी तीन महिने राहून आलो आहे, तेही अशा दिवसांत, जेव्हा भारतातून आलेला माणूस तिथे नुसता पाहुणा राहिला नव्हता. लेखात जे आलं नाही ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावं, म्हणून लिहितो आहे. पत्र लांबलं तर क्षमा असावी.

आधी माझ्या गावाकडचं सांगतो, कारण मदत घेणाऱ्याच्या बाजूला मी आधी उभा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी औशाला जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता होतो. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीच्या अडीच-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद, हे सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर पाऊस लागला. मदतीचे ट्रक देशभरातून आले, आणि आले तसे डांबरी रस्त्यालगत थांबले. किल्लारीचं नाव सगळीकडे झालं. सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव, एकोंडी, तळणी ही नावं किती जणांनी ऐकली होती? काळ्या रानातली वाट चिखलाने बंद झालेल्या गावांत माणसं दोन-दोन दिवस वाट पाहत बसली, आणि तेवढ्यात रस्त्यालगतच्या गावात जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजले. कोणाच्या मनात भेदभाव नव्हता. चाकं जिथवर जातात तिथवर मदत जाते, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. नकाशावर रस्ता कुठून गेला आहे त्यावर माणसाचं नशीब ठरतं, हे अभियांत्रिकीच्या कुठल्याही वर्गात मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढची काही वर्षं पुनर्वसनात गेली. बावन्न गावं नव्या जागी उठली. जी घरं जुन्या जागीच राहिली ती मजबूत करताना आम्ही गवंड्यांना आणि गवंड्यांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं. आपल्याकडची जुनी दगडी भिंत दोन पदरी असते. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती-गोट्यांची भर. हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांना सोडतात आणि भिंत पोट फुटल्यासारखी फुगून कोसळते. त्यावर उपाय साधा आहे. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा, कोपरे एकमेकांत गुंफायचे आणि जोत्यावर, खिडकीखाली, दारावर, छताखाली सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा आडवा पट्टा फिरवायचा.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र गोरखा जिल्ह्यात होतं. १२ मे रोजी पुन्हा ७.३ चा झाला. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. टीव्हीवर ढिगारे पाहिले आणि उमरग्याच्या एका गवंड्याचा फोन आला, “साहेब, ह्या तर आपल्याच भिंती हायेत.” खरंच आपल्याच होत्या. दगड, चिखल, दोन पदर. मे अखेरीस मी निवृत्त झालो. एका लहानशा संस्थेने गवंड्यांना प्रशिक्षण देणारी माणसं हवीत असं कळवलं, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर मी व उमरग्याचे दोन गवंडी मुंबईहून रेल्वेने बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलला निघालो.

स्टेशनाबाहेर आलो तर ट्रकच ट्रक. गॅसचे बुलेट टँकर, पेट्रोलचे टँकर, कांद्याचे, औषधांचे, सळईचे ट्रक एकामागे एक उभे. चालक चाकाखाली अंथरूण टाकून झोपलेले. एक जण म्हणाला, आज चोविसावा दिवस. पुढे सिरसिया नदीवरचा मितेरी पूल. मितेरी म्हणजे मैत्री. त्या पुलावर बांबू आणि ताडपत्रीचे मांडव टाकून माणसं बसली होती. पायी जाणाऱ्याला वाट होती, ट्रकला नव्हती. आम्ही ओळंबे, थाप्या, सूत आणि कपड्यांच्या पिशव्या डोक्यावर घेऊन पूल ओलांडला. व्हिसा नको, पासपोर्ट नको. १९५० च्या करारापासून भारतीयाला नेपाळमध्ये असंच जाता येतं. माझ्या देशाच्या माणसाला कोणी अडवलं नाही, पण माझ्या देशातून निघालेली सळई मात्र मागेच राहिली.

काय झालं होतं ते पुलापलीकडे, नेपाळच्या वीरगंजला, चहाच्या टपरीवर कळलं. नेपाळने २० सप्टेंबर २०१५ ला नवी राज्यघटना लागू केली होती. सात प्रदेश आखले गेले होते. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट मैदानातल्या, मधेशी आणि थारू लोकांचं म्हणणं, प्रदेशांच्या सीमा आणि मतदारसंघ असे पाडले आहेत की मैदानातल्या माणसाचं मत कायम हलकं राहील. ऑगस्ट-सप्टेंबरच्या आंदोलनात चाळीसहून अधिक माणसं मेली होती, त्यांत पोलीसही होते. टपरीवाला भोजपुरीत बोलत होता, मला अर्धंमुर्धं समजत होतं. तो म्हणाला, डोंगरातल्या मनांग जिल्ह्यात सगळी मिळून साडेसहा हजार माणसं, तरी त्यांचा एक खासदार हमखास. आणि आमच्याकडे एकेका खासदारामागे लाखाच्या वर माणूस.

नंतर मी आकडे पडताळले. २०११ च्या जनगणनेत मनांगची लोकसंख्या ६,५३८ होती. पर्सा जिल्ह्याची, म्हणजे वीरगंजची, सहा लाखांवर. २०१७ च्या फेररचनेत पर्साला चार मतदारसंघ मिळाले आणि मनांगला एक. प्रत्येक जिल्ह्याला निदान एक जागा, असं घटनेतच लिहिलं आहे. यात डोंगरातल्या माणसाचंही म्हणणं आहे. ज्याला जिल्ह्याच्या ठिकाणी जायला दोन दिवस चालावं लागतं त्याचा आवाज नुसत्या शिरगणतीवर सोडला तर तो कधीच ऐकू येणार नाही. आपण लक्षद्वीपच्या लहानशा मतदारसंघाला लोकसभेत एक जागा देतो ती याच विचाराने. पण नेपाळमध्ये लोकसंख्येचा निम्म्याहून अधिक भाग तराईच्या चिंचोळ्या पट्टीत राहतो, आणि सत्तेचं केंद्र दोनशे-अडीचशे वर्षं काठमांडूच्या खोऱ्यात आहे. डोंगर, मैदान आणि खोरं यांच्यातला हा तिढा घटनेच्या कलमांत उतरला, तिथून रस्त्यावर आला आणि पुलावर येऊन बसला. जानेवारी २०१६ मध्ये घटनादुरुस्ती करून मतदारसंघासाठी लोकसंख्या हा पहिला आणि भूगोल हा दुसरा आधार मानला गेला.

ट्रक मात्र केवळ मांडवांमुळे अडले होते का? आपल्या सरकारने सांगितलं की भारताने नाकेबंदी केलेली नाही, नेपाळच्या बाजूला अशांतता आहे म्हणून चालक पुढे जायला धजत नाहीत. नेपाळमध्ये मी ज्यांना भेटलो त्यांतल्या एकालाही हे पटलेलं नव्हतं. जिथे आंदोलक बसलेले नव्हते त्या नाक्यांवरूनही माल मंदावला होता आणि इंधन जवळजवळ थांबलं होतं. माझं मत विचाराल तर, आपण दोष पूर्णपणे दुसऱ्यावर टाकू शकत नाही. १९८९ मध्ये व्यापार आणि मालवाहतुकीचे करार संपले तेव्हा भारताने एकवीसपैकी दोनच नाके उघडे ठेवले होते. ज्याने तो काळ पाहिला आहे त्याला २०१५ मध्ये समजावून सांगण्यासारखं काय उरतं?

वीरगंजहून रात्री पोलिसांच्या पहाऱ्यात बसचा ताफा निघायचा. तसेच काठमांडूला पोचलो आणि दोन दिवसांनी नुवाकोट जिल्ह्यात, त्रिशूली बाजाराच्या वर चढावरच्या एका गावात. नुवाकोट हा सगळ्यात जास्त फटका बसलेल्या चौदा जिल्ह्यांपैकी एक. गावात उभं घर शोधावं लागत होतं. लोक जस्ताच्या पत्र्यांच्या कमानींखाली राहत होते. पत्र्याला ते ‘जस्तापाता’ म्हणतात, गवंड्याला ‘डकर्मी’ आणि सुताराला ‘सिकर्मी’. हे तीन शब्द पहिल्या दिवशी शिकलो. लिपी आपलीच असल्यामुळे पाट्या वाचता यायच्या, त्याचा फार आधार वाटायचा.

आमच्या वहीत काँक्रीटच्या पट्ट्याचं चित्र होतं. चार सळया, रिंगा, सिमेंट. पण सळई रक्सौलला उभी होती. सिमेंट मिळालं तरी ट्रॅक्टरला डिझेल नव्हतं. बाटलीतून पेट्रोल विकत होते, त्याचा भाव सांगायलाही माणूस लाजायचा. आठ दिवस आम्ही नुसते बसून होतो. मग उमरग्याचे दोघे आणि गावातला एक म्हातारा सिकर्मी पडलेल्या घरांमधून साल लाकडाचे वासे, तुळया निवडत फिरले. लाकडाच्या दोन समांतर पट्ट्या, मधे आडव्या चिपा, शिडीसारखी चौकट. ती भिंतीच्या जाडीत आडवी बसवायची, कोपऱ्यावर एकात एक अडकवून खिळायची. आरपार दगड कमी पडले तिथे लाकडाचे ठोकळे घातले. सळईवाचूनही घर बांधून ठेवता येतं, हे त्या तिघांनी सिद्ध केलं. मी वहीत नवं चित्र काढलं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला इतका अभिमान क्वचित वाटला असेल. आणि हेही लिहायला हवं की त्या म्हाताऱ्या सिकर्म्याला आमच्याइतकंच येत होतं. त्याला गरज होती ती रोजाची. त्याच्या घरात मजुरीचे पैसे गेले असते तर आमच्या रेल्वे तिकिटापेक्षा ते जास्त कामाला आले असते.

आम्ही जिच्या पत्र्याशेजारी राहत होतो त्या घरची म्हातारी आम्हाला जेवू घालायची. ढिंडो, गुंद्रुकाचा रस, कधी भात. मी तिला आमा म्हणायचो, ती मला भाइ म्हणायची. तिची सून ढिगाऱ्याखाली गेली होती, त्यामुळे त्या वर्षी दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, तिच्या दारी टीका नव्हता. शेजारच्या घरी आम्हाला कपाळावर तांदळाचा लाल टीका आणि जवाचे पिवळे कोंब मिळाले. त्याला ते जमरा म्हणतात. आपल्याकडे घटातलं धान दसऱ्याला टोपीत खोवतात, तसंच. आमचे गवंडी तिथे डोळे पुसत होते.

दशैंनंतर एका संध्याकाळी आमा चुलीला फुंकर घालत होती. गॅसचं सिलिंडर रिकामं होऊन महिना झाला होता, सरपण ओलं होतं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “भाइ, नाका तिम्रो देशले बन्द गरेको हो?” नाका तुझ्या देशाने बंद केला का?

मी म्हणालो, आमचं सरकार म्हणतं, आम्ही केलेला नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, “अनि खोल्ने कसले?” मग उघडणार कोण?

मला उत्तर देता आलं नाही. मी तिच्या गावात सेवेसाठी आलो होतो, तिचं अन्न खात होतो, आणि तिच्या चुलीत ओलं लाकूड होतं त्याचं एक कारण माझ्या देशाच्या सीमेवर उभं होतं. ‘मी राजकारणातला नाही, मी भिंती बांधायला आलो आहे’ असं म्हणून यातून सुटता येत नाही. त्या नोव्हेंबरअखेर युनिसेफने इशारा दिला की औषधं, लसी, इंधन आणि अन्नाच्या तुटवड्यामुळे पाच वर्षांखालची तीस लाखांहून अधिक मुलं हिवाळ्यात धोक्यात आहेत. भूकंप निसर्गाने केला होता. हा तुटवडा माणसांनी केला होता.

नुवाकोटला डोंगराच्या माथ्यावर सात मजल्यांचा जुना दरबार आहे. भूकंपात तोही तडकला होता. एका सुट्टीच्या दिवशी गावातल्या निवृत्त मास्तरांनी आम्हाला तिथे नेलं. ते पायऱ्यांवर बसून म्हणाले, इथे उभं राहा म्हणजे नेपाळ कळेल. खाली त्रिशूली नदी, तिच्या काठाने तिबेटकडे जाणारी जुनी व्यापारी वाट. गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शाह याने १७४४ मध्ये आधी हा डोंगर जिंकला, कारण काठमांडूचा तिबेटशी चालणारा व्यापार इथून दाबता येत होता. पुढे त्याने खोऱ्याच्या साऱ्या वाटा रोखल्या, मीठ आणि कापूससुद्धा आत जाऊ दिला नाही, आणि १७६८ मध्ये काठमांडू घेतलं. म्हणजे आजचा नेपाळ एका नाकेबंदीतूनच उभा राहिला. नेपाळ हा दोन दगडांमधला तरूळ आहे, हे वचनही त्याचंच. तरूळ म्हणजे कोनफळासारखा कंद. मास्तर म्हणाले, कंदाला दगड निवडता येत नाहीत. मग जरा थांबून म्हणाले, आणि दगडाला कंदाचं दुखणं कळत नाही.

आम्ही तिथे असतानाच दुसऱ्या दगडाकडून इंधन आलं. चीनने एक हजार टन पेट्रोल भेट म्हणून दिलं, आणि ते आणायला नेपाळचे टँकर आमच्या गावाखालच्याच रस्त्याने रसुवागढीच्या सीमेवरून तिबेटमधल्या केरुंगला गेले. दरडींनी खचलेला, एका बाजूला त्रिशूलीची खोल दरी असलेला तो रस्ता. पोरं कठड्यावर बसून टँकर मोजत होती. काही दिवसांच्या गरजेपुरतंच ते पेट्रोल होतं. पण नेपाळच्या राजकारणात त्याचं वजन लिटरमध्ये मोजलं गेलं नाही. २०१६ च्या मार्चमध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. २०१९ मध्ये त्याचे नियम ठरून चीनची चार बंदरं आणि तीन कोरडी, म्हणजे जमिनीवरची, बंदरं नेपाळला कागदावर खुली झाली. कागदावर म्हणतो, कारण वीरगंजहून कोलकाता सातशे-आठशे किलोमीटर, तेही सपाट मैदानातून रेल्वेने. चीनचं तियानजिन बंदर तीन हजारांहून जास्त, आणि मधे हिमालय. त्याच २०१९ च्या सप्टेंबरात बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. तेही आपलंच काम आणि चांगलं काम आहे. राजकारणी काहीही बोलोत, माल सोप्या वाटेनेच येणार. म्हणूनच त्या वाटेच्या तोंडाशी बसलेल्या देशाची जबाबदारी मोठी.

आता बालगृहाकडे येतो. लेख वाचून पेन हातात घेतलं ते त्यासाठीच.

जानेवारीत परतताना काठमांडूत चार दिवस मुक्काम होता. ओळखीतून एका बालगृहाची पडकी भिंत पाहायला गेलो. नाव लिहीत नाही. आत वेगवेगळ्या देशांची पाच-सहा तरुण मुलं होती. कोणी गिटार वाजवत होता, कोणी फुगे फुगवत होता. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्या हाताला धरून फिरत राहिला. टीव्हीवरून शिकलेली हिंदी बोलायचा. त्याने मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न विचारला, “आप कब जाओगे?”

मी त्याला गाव विचारलं. म्हणाला, हुम्ला. आई? म्हणाला, घरी आहे. त्याच्या आवाजात काही लपवण्यासारखं नव्हतं. आई आहे, घर आहे, आणि तो अनाथाश्रमात आहे.

हुम्ला हा नेपाळच्या वायव्य कोपऱ्यातला जिल्हा. तेव्हा त्याच्या मुख्यालयाला, सिमकोटला, देशातून एकही मोटाररस्ता जात नव्हता. छोट्या विमानाने जायचं नाहीतर कित्येक दिवस चालायचं. १९९६ ते २००६ च्या माओवादी युद्धाच्या काळात दलाल अशा जिल्ह्यांत जाऊन सांगायचे, पैसे द्या, मुलाला काठमांडूच्या चांगल्या शाळेत घालतो, शिवाय लढाईपासून वाचेल. आईबापांनी म्हैस विकली, जमीन गहाण टाकली. मुलं खाली आणली गेली, कागदावर अनाथ झाली आणि बालगृहांत ठेवली गेली. युद्ध संपलं तरी धंदा संपला नाही. नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा आणि चितवनच्या भागात एकवटलेली आहेत. जिथे विमानतळ आहे, हॉटेलं आहेत, परदेशी पाहुणा आहे, तिथे. गरिबी मात्र दूर हुम्ला-जुम्ला-डोल्पाच्या डोंगरात. गरज असते तिथे बालगृह उघडलं असतं तर ती सिमकोटला नसती का दिसली? बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आईवडील, निदान त्यांच्यापैकी एक तरी, हयात असल्याचं युनिसेफ आणि नेपाळमध्ये काम करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत.

म्हणूनच २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले आणि परदेशी दत्तक थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत आधुनिक गुलामगिरीवर चौकशी झाली त्यात हा प्रश्नही आला, आणि तिथे अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराकडे आधुनिक गुलामगिरीचा एक प्रकार म्हणून पाहिलं जाऊ लागलं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवी पर्यटनाने मुलांची होणारी हानी नोंदवली. हे गुपित नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला नेपाळमध्ये बिनपगारी कामही करता येत नाही. पण आपल्या मुलांना व्हिसाच लागत नाही, त्यामुळे सीमेवर त्यांना कोणी काही विचारत नाही. मोकळ्या सीमेची ही सवलत आपल्याला मिळाली आहे ती पैसे भरून दुसऱ्याच्या लेकराजवळ बसण्यासाठी नाही.

या मोकळ्या सीमेवरून माणसं इकडेही येतात. कोकणात हापूसच्या बागा राखायला, आपल्या सोसायट्यांचे दरवाजे सांभाळायला डोटी, अछाम, कैलालीचे पुरुष महिनोन्‌महिने येऊन राहतात. त्यांची मुलं तिकडे गावी आजीजवळ असतात. ज्यांना नेपाळची सेवा करायची आहे त्यांनी गावातल्या त्या राखणदाराला एकदा विचारावं, तुझ्या गावच्या शाळेत काय कमी आहे. इथे जन्मलेल्या त्याच्या मुलांना जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो का, रेशन मिळतं का, हेही पाहावं. त्याला विमानाचं तिकीट लागत नाही.

आपल्या मुलांनी परदेशी सेवेला जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः गेलो होतो आणि पुन्हा बोलावलं तर गुडघे दुखत असले तरी जाईन. पण हातात एखादं कौशल्य असावं, तिथल्या माणसांनी बोलावलेलं असावं, आणि पंधरा दिवसांत मुलांच्या गळ्यात हात घालून, त्यांना सवय लावून निघून येणं हे त्या कामाचं स्वरूप नसावं. डॉक्टर, परिचारिका, भूगर्भ जाणणारे, धान्याचं कोठार बांधता येणारे, संगणकावर हिशेब शिकवू शकणारे पुष्कळ तरुण आपल्याकडे आहेत. त्यांनी नेपाळच्या शिक्षकाला, डकर्म्याला, आरोग्यसेविकेला हाताशी धरून काम करावं. आणि जाण्याआधी त्यांना रक्सौलचा नाका, १९८९, २०१५, मधेश, मनांग हे सगळं कोणीतरी चार दिवस बसून शिकवावं. तिथल्या चुलीपाशी त्यांनाही तोच प्रश्न विचारला जाणार आहे.

२०१९ च्या नोव्हेंबरात मी पुन्हा त्या गावी गेलो. लाकडी पट्ट्याची घरं उभी होती. सरकारी अनुदानाचे तीन लाख नेपाळी रुपये हप्त्याहप्त्याने मिळाले, तशी आणखी घरं उभी राहिली होती. आमाच्या घराच्या भिंतीतून आरपार दगडांची टोकं बाहेर दिसत होती. त्यांवर तिने मक्याची कणसं टांगली होती. म्हातारा सिकर्मी वारला होता. त्याचा मुलगा आता आसपासच्या गावांत कामं घेतो.

८ जुलै २०२५ ला त्याचाच फोन आला. तिबेटच्या बाजूने रात्रीत पूर आला आणि रसुवागढीचा पूल वाहून गेला. त्या पुलाचंही नाव मितेरीच. उत्तरेचा रस्ता पुन्हा बंद. तो म्हणाला, “दाजु, अब फेरि तपाईंतिरकै बाटो.” आता पुन्हा तुमच्याकडचाच रस्ता. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो सळईचा भाव विचारत होता.

संपादक महाशय, माझी एक विनंती आहे. ज्यांनी ती सहल काढली त्यांना आपण पत्र पाठवा आणि त्यांचं उत्तर त्याच पुरवणीत, त्याच जागी छापा. छायाचित्रातली ती सात मुलं कोणत्या जिल्ह्यांतली आहेत? त्यांच्यापैकी कितींचे आईवडील हयात आहेत? आणि त्या आईवडिलांना हे छायाचित्र कोणी दाखवलं आहे का?

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
औसा, जि. लातूर